ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी इश्यू ट्रॅकर कसा निवडायचा: पहिल्या विचारापासून डेटा हलवण्यापर्यंत

"सगळ्यात चांगला इश्यू ट्रॅकर कुठला" असं विचारलं की प्रत्येकजण स्वतः वापरतो त्याचं नाव सांगतो आणि चर्चा तिथेच संपते. इश्यू ट्रॅकर म्हणजे प्रोजेक्टमधले बग आणि मागण्या नोंदवून ठेवायची सिस्टीम, आणि बग नोंदवणं, कुणाच्या तरी नावावर टाकणं आणि शेवटी बंद करणं एवढं तर आता सगळ्याच सिस्टीममधे जमतं. फरक पडतो तो दोन माणसांना. एक जो बाहेरून येऊन आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडे बग टाकतोय, आणि दुसरा जो रोज आलेले रिपोर्ट वाचून हा खरा बग, हा डुप्लिकेट, हा नुसता प्रश्न अशी छाननी करतो, ज्याला आपण ट्रायाज म्हणतो. ओपन सोर्समधे हे दुसरं काम बहुतेक वेळा कुणीतरी आपल्या मोकळ्या वेळात करत असतं आणि तो माणूस वैतागून निघून गेला की ट्रॅकर कितीही भारी असू दे, त्यात नुसता ढीग साचत जातो. म्हणून फीचरची यादी सगळ्यात शेवटी बघा, आधी या दोघांचं काम बघा. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात, लहान आणि मध्यम प्रोजेक्टच्या मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून.

पायरी १: आत्ता काय येतंय ते मोजा

प्रोजेक्ट थोडा जरी चालू असेल तर रिपोर्ट कुठून ना कुठून येतच असतात, मेलवर, चॅटवर, रिपोमधे (म्हणजे जिथे कोड ठेवलाय तिथे). मागच्या तीन महिन्यांचं सगळं एकत्र करा आणि चार ढीग पाडा: खरे बग, नवीन फीचरच्या मागण्या, "हे कसं करायचं" टाइपचे प्रश्न, आणि डुप्लिकेट. एका बैठकीत होणारं काम आहे पण पुढचे अर्धे निर्णय इथेच होतात. समजा प्रश्नांचाच ढीग सगळ्यात मोठा निघाला, तर तुम्हाला ट्रॅकर बदलून काही मिळणार नाही, प्रश्न विचारायला वेगळी जागा पाहिजे, म्हणजे फोरम किंवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं डिस्कशन्स. डुप्लिकेट जास्त असतील तर नवीन इश्यू टाकताना जुने सारखे इश्यू समोर दाखवणारी सिस्टीम हवी आणि सर्च खरोखर चांगला हवा.

मग रिपोर्ट टाकणारे कोण आहेत ते बघा. लायब्ररी असेल तर समोरचा डेव्हलपरच असतो, त्याला स्टॅक ट्रेस (प्रोग्राम कुठे अडला ते दाखवणारी यादी) म्हणजे काय, व्हर्जन कुठे बघायचं हे सांगावं लागत नाही. डेस्कटॉप अॅप असेल तर समोरचा माणूस "चालत नाही" एवढंच लिहून जातो आणि त्यात त्याची चूक नाही, त्याला त्यापेक्षा जास्त दिसतच नाही. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईने यावर छान उपाय काढलाय, त्यांचं अॅप क्रॅश झालं की डॉक्टर कॉन्की नावाचा प्रोग्राम उघडतो, बॅकट्रेस, म्हणजे तसाच स्टॅक ट्रेस, गोळा करतो आणि तिथूनच त्यांच्या बगझिला या ट्रॅकरवर रिपोर्ट टाकता येतो. डेबियन या लिनक्स सिस्टीममधे रिपोर्टबग नावाचं टूल आहे, ते पॅकेजचं व्हर्जन, सिस्टीमची माहिती, डिपेन्डन्सी सगळं आपोआप मेलमधे भरतं. तुमचे युजर डेव्हलपर नसतील तर ट्रॅकरपेक्षा अशी माहिती गोळा करणारी छोटी कमांड किंवा बटण लिहिण्यात वेळ घालवा, आणि ट्रॅकर असा घ्या ज्याला एपीआयमधून (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट) किंवा आधीच भरलेल्या लिंकमधून इश्यू देता येतो.

शेवटचं मोजमाप म्हणजे ट्रायाज कोण करणार आणि आठवड्याला किती तास. हे खरं लिहा, हौसेचं नको. एकच माणूस आठवड्यातून दोन तास देणार असेल तर पंधरा फील्ड आणि आठ स्टेटस असलेली सिस्टीम तुमच्यासाठी नाही, विषय संपला.

पायरी २: रिपोर्ट टाकायला अकाउंट लागणार का ते ठरवा

हा मुद्दा लोक सोडून देतात आणि नंतर अडकतात. एखाद्याला बग सापडला, तो तुमच्या साइटवर आला, आणि तिथे नवीन अकाउंट उघडा, मेल कन्फर्म करा, पासवर्डमधे अमुक अक्षर टाका असं आलं की बरेच लोक तिथूनच परत जातात, आणि ते गेले हे तुम्हाला कधी कळतही नाही. गिटहबचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की डेव्हलपर लोकांचं अकाउंट तिथे आधीच असतं.

उलट बाजूने, कुणालाही काहीही टाकू दिलं की स्पॅम येतो. अनेक ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनचं जिरा (एका कंपनीचा मालकीचा ट्रॅकर) वर्षानुवर्षं सगळ्यांना खुलं होतं, कुणीही अकाउंट उघडून टिकीट टाकू शकत होतं, पण स्पॅम अकाउंट इतके झाले की २०२२ च्या शेवटी त्यांना आपोआप अकाउंट उघडणं बंद करावं लागलं, तेव्हापासून अकाउंटसाठी आधी विनंती करावी लागते. सर्व्हर सांभाळणारी एवढी मोठी टीम असून ही वेळ आली तर तुमच्या एकट्याच्या सर्व्हरचं काय होईल याचा विचार करा.

मधला रस्ता ईमेलचा. डेबियनचा बग ट्रॅकर १९९४ पासून ईमेलवरच चालतोय, मेल पाठवली की बग उघडतो, बग नंबरपुढे "डन" लावलेल्या पत्त्यावर मेल गेली की बंद होतो, अकाउंट हा प्रकारच नाही. जीएनयू ईमॅक्स या एडिटरचे बगसुद्धा त्याच सॉफ्टवेअरवर आहेत. सोर्सहट आणि गिटलॅब या गिटहबसारख्याच कोड ठेवायच्या सेवा. सोर्सहटचा ट्रॅकर पण अकाउंट नसलेल्या माणसाची मेल घेतो. गिटलॅबमधे सर्व्हिस डेस्क आहे, मेल आली की तिचा इश्यू बनतो, आणि तो फुकटच्या प्लॅनमधेही मिळतो. तुमचे युजर नॉन-टेक्निकल असतील तर हा पर्याय गांभीर्याने बघा.

पायरी ३: कोड आहे तिथेच ट्रॅकर ठेवायचा का

माझं उत्तर हो, जोपर्यंत वेगळं ठेवायला तुमच्याकडे ठोस कारण नाही तोपर्यंत. कमिट मेसेजमधे (कोडमधल्या बदलासोबतची टीप) किंवा पुल रिक्वेस्टमधे (हा बदल घ्या अशी विनंती) "फिक्सेस" आणि पुढे इश्यू नंबर लिहिला की बदल मुख्य कोडमधे मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद होतो, इश्यूच्या पानावर कुठल्या पुल रिक्वेस्टमधे काम चालू आहे ते दिसतं, एकच लॉगिन, एकच नोटिफिकेशन. हे वाचायला किरकोळ वाटतं पण दोन सिस्टीम असल्या की "कोड मर्ज झाला पण टिकीट उघडंच आहे" ही गोष्ट रोजची होते आणि ते कुणीतरी हाताने निस्तरत बसतो.

मोठे प्रोजेक्ट याच कारणाने हललेत. पायथॉनचा कोड आधीच गिटहबवर गेला होता पण बग राउंडअप नावाच्या सिस्टीमवर होते, शेवटी पेप ५८१ या प्रस्तावातून चर्चा होऊन एप्रिल २०२२ मधे तेही गिटहबवर आले. एलएलव्हीएम या कंपायलर प्रोजेक्टने २०२१ च्या शेवटी बगझिला सोडला, आणि अपाचे ल्युसीन या सर्च लायब्ररीने २०२२ मधे जिरा. जीनोम या लिनक्स डेस्कटॉपने २०१८ मधे कोड आणि बग दोन्ही आपल्या स्वतःच्या गिटलॅबवर नेलं.

पण उलट उदाहरण पण तितकंच महत्त्वाचं आहे आणि ते जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कचं. कोड गिटहबवर, टिकिटं (म्हणजे इश्यूच) अजूनही ट्रॅक नावाच्या वेगळ्या ट्रॅकरवर, आणि ते ठरवून तसं आहे. त्यांच्या प्रत्येक टिकिटाला ट्रायाज स्टेज असते: अनरिव्ह्यूड, अॅक्सेप्टेड, रेडी फॉर चेकइन. शिवाय पॅचला, म्हणजे दिलेल्या दुरुस्तीला, टेस्ट पाहिजे का, डॉक्युमेंटेशन पाहिजे का हे वेगळ्या खुणांनी दिसतं. नवीन माणूस येऊन "अॅक्सेप्टेड आहे, पॅच नाही" अशी टिकिटं शोधतो आणि कुणाला न विचारता कामाला लागतो. यामागे वर्षानुवर्षं बसलेली शिस्त आहे, ती लेबलांमधे ओतता येईल पण लेबल कुणीही विसरतं, सक्तीची स्टेज विसरता येत नाही. वर्डप्रेसचा कोअरसुद्धा ट्रॅकवरच आहे. तर स्वतःला विचारा, आपल्याकडे अशी ठरलेली पद्धत आज चालू आहे का, का नुसती "कधीतरी लागेल" म्हणून वेगळी सिस्टीम घेतोय. दुसरं असेल तर कोडशेजारीच राहा.

पायरी ४: दुसऱ्याच्या सर्व्हरवर की स्वतःच्या

इथे वाद तत्त्वाचा पण आहे आणि कामाचा पण. तत्त्वाचा आधी. काही प्रोजेक्टना फ्री सॉफ्टवेअर बनवायला बंद सॉफ्टवेअर वापरायचं नसतं, आणि ही भूमिका मला अगदी योग्य वाटते. लिनक्स कर्नल प्रोजेक्ट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर हे मालकीचं टूल फुकट वापरत होता, २००५ मधे ती सवलत गेली आणि त्याच्या जागी घाईघाईत गिट लिहावं लागलं, ते छान झालं पण प्रत्येक प्रोजेक्टकडे लिनस टॉरव्हाल्ड्स नसतो. तुमचं मत असं असेल तर गिटहब आणि जिरा यादीतून आत्ताच काढा, म्हणजे पुढची तुलना सोपी होते. कोडबर्ग ही कोड ठेवायची सेवा बर्लिनमधली एक नोंदणीकृत संस्था चालवते, फोर्जेओ या फ्री सॉफ्टवेअरवर, ती इथे चांगला पर्याय आहे.

आता कामाचा भाग. स्वतः होस्ट करायचं म्हणजे अपडेट, बॅकअप, स्पॅम आवरणं, आणि नोटिफिकेशनच्या मेल लोकांच्या स्पॅम फोल्डरमधे न जाणं, हे सगळं तुमच्यावर. त्यात आता एआयसाठी डेटा ओढणाऱ्या क्रॉलरची (आपोआप पानं उघडत जाणाऱ्या प्रोग्रामची) भर पडलीय. इश्यू ट्रॅकरमधे सर्च, फिल्टर, जुन्या बदलांचे डिफ अशी लाखो पानं तयार होऊ शकतात आणि हे क्रॉलर ती सगळी मागत सुटतात, जीनोमच्या गिटलॅबला यासाठी अनुबिस नावाचा अडसर पुढे लावावा लागला, जो पान दाखवायच्या आधी ब्राउझरला थोडं गणित करायला लावतो. प्रोजेक्टमधे दोन जण तरी सर्व्हर सांभाळायला तयार असतील तरच सेल्फ होस्ट करा. एकच जण असेल आणि तो सुट्टीवर गेला की बग टाकायची जागाच बंद, असं होता कामा नये.

आणि होस्टेड सेवा कायमची असते असंही समजू नका. कोड ठेवायची सेवा असलेल्या गुगल कोडने मार्च २०१५ मधे बंद होणार असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१६ मधे बंद झालं. तशीच सेवा असलेलं गिटोरियस २०१५ मधे गेलं. स्वतः होस्ट केलेल्या सॉफ्टवेअरचंही तेच, फॅब्रिकेटर हा ट्रॅकर बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मधे काम थांबवलं, पण सोर्स खुला असल्यामुळे फोर्ज नावाचा समुदायाचा फोर्क (त्याच कोडवरून पुढे चालवलेली वेगळी आवृत्ती) निघाला. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या जिरा सर्व्हरचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला आणि तिथे मात्र फोर्क काढायची सोय नव्हती. म्हणून "कुठलं जास्त टिकेल" यापेक्षा "हे बंद झालं तर आपण काय घेऊन बाहेर पडू" हा प्रश्न जास्त उपयोगी आहे, त्यावर पायरी ७ मधे येतो.

पायरी ५: आता पर्याय बघा

गिटहब इश्यूज. लहान प्रोजेक्टला बहुतेक वेळा हेच पुरतं. इश्यू फॉर्म बनवता येतात, एपीआय चांगला आहे, लोक आधीच तिथे आहेत. अडचणी पण माहीत असू द्या. इश्यू आणि पुल रिक्वेस्टचे नंबर एकाच मालिकेतले असतात. बाहेरच्या माणसाला स्वतः लेबल लावता येत नाही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, रिपो तुमच्या वैयक्तिक अकाउंटखाली असेल तर कुणाला नुसतं ट्रायाजचं काम देताच येत नाही, मदत घ्यायची तर थेट कोड बदलायचा अधिकारही द्यावा लागतो. ऑर्गनायझेशन बनवून रिपो त्यात हलवला की ट्रायाज नावाचा वेगळा रोल मिळतो, लेबल लावणं, बंद करणं, डुप्लिकेट ठरवणं जमतं आणि कोडला हात लागत नाही. ट्रायाजसाठी नवीन माणसं आणायची असतील तर हे पहिल्या दिवशीच करून टाका.

गिटलॅब. रिपोर्टर रोल दिला की वरचंच काम होतं, कॉन्फिडेन्शियल इश्यू आहेत, सर्व्हिस डेस्क आहे, आणि कम्युनिटी एडिशन स्वतः होस्ट करता येते. एपिक (अनेक इश्यूंचा गट) आणि इश्यूचं वेट (कामाचा अंदाज) अशा गोष्टी पैसे भरूनच मिळतात, तर डेमो बघताना कुठलं फीचर कुठल्या प्लॅनमधलं आहे ते तपासा. सेल्फ होस्ट करायला जड आहे, छोट्या सर्व्हरवर दम लागतो.

फोर्जेओ आणि गिटी. फोर्जेओ २०२२ मधे गिटीतून फोर्क झाला. दोन्ही हलके, छोट्या मशीनवर मजेत चालतात, आणि दिसायला गिटहबसारखे असल्यामुळे नवीन माणूस बिचकत नाही. फेडोरा या लिनक्स सिस्टीमने पण कोड ठेवायच्या आपल्या जुन्या पॅग्युअरच्या जागी फोर्जेओ निवडलाय, म्हणजे मोठ्या प्रोजेक्टचा भरवसा बसतोय.

बगझिला. १९९८ मधे मोझिलासाठी आला, पर्लमधे आहे, आणि आज तो जुनाट दिसतो म्हणून लोक बघतही नाहीत, हे मला पटत नाही. हा बग त्या बगवर अवलंबून आहे, तो तिसऱ्याला अडवतो, ही साखळी त्यात नीट आहे. कंपोनंट, म्हणजे सॉफ्टवेअरचा भाग, निवडला की बग आपोआप योग्य माणसाकडे जातो. सर्चमधे अटी एकात एक घालून जे पाहिजे ते काढता येतं आणि तो सर्च नावाने सेव्ह करता येतो. बग ठरावीक ग्रुपपुरताच दिसेल असा लपवता येतो. मोझिला, केडीई, लिबरऑफिस, जीसीसी, जेंटू हे सगळे अजून त्यावर आहेत, कारण हजारो उघडे बग आणि शेकडो कंपोनंट असले की या गोष्टी रोज लागतात. पण नवीन माणसाला तो फॉर्म बघून धडकी भरते हेही खरं, आणि दहा-वीस कंपोनंटच्या खाली त्याचा फायदा दिसत नाही.

रेडमाइन रूबी ऑन रेल्सवर आहे, २००६ पासून चालू, रूबी भाषेचे बग त्यावरच असतात. कुठल्या रोलने कुठल्या स्टेटसवरून कुठे न्यायचं हे ठरवता येतं, अनेक छोटे प्रोजेक्ट एका छताखाली असतील तर बरा पडतो. मँटिस पीएचपीवर आहे, साध्या शेअर्ड होस्टिंगवर उभा राहतो. ट्रॅकबद्दल वर लिहिलंच.

जिरा ताकदवान आहे पण ओपन सोर्ससाठी मी तो सुचवत नाही. सोर्स खुला नाही, सेटिंग इतकं की ते सांभाळायला एक माणूस अडकतो, आणि बाहेरून आलेल्याला तो ऑफिसचा वाटतो. अपाचेसारखी आधीच तिथे असलेली संस्था वेगळी.

इश्यू रिपोच्या आतच ठेवणारे पण आहेत, फॉसिलमधे टिकिटं व्हर्जन कंट्रोलसोबतच येतात आणि गिट-बग इश्यू गिटच्या आत साठवतो, म्हणजे रिपो क्लोन केला (त्याची पूर्ण प्रत घेतली) की बग पण ऑफलाइन हातात. कल्पना फार सुंदर आहे, पण डेव्हलपर नसलेल्या माणसाला बग टाकायला वेबचं पान वेगळं उभं करावं लागतं, त्यामुळे लहान टेक्निकल टीमपुरतं ठीक.

मोठ्या नावांकडे बघून निवड करू नका एवढंच. गिट स्वतः मेलिंग लिस्टवर चालतो. कर्नलला बगझिला आहे पण बऱ्याच सबसिस्टीमचे मेंटेनर तिकडे फिरकत नाहीत, कुठला भाग कोण सांभाळतं ते लिहिलेल्या मेंटेनर्स फाइलमधे बघून योग्य लिस्टवर मेल पाठवावी लागते. त्यांचे वाचणारे लोक त्या पद्धतीत मुरलेले आहेत म्हणून ते चालतं.

पायरी ६: सिक्युरिटीचे रिपोर्ट कुठे येणार

हे ठरल्याशिवाय ट्रॅकर जाहीर करू नका. सुरक्षेतलं भोक कुणाला सापडलं आणि त्याला सगळ्यांसमोर दिसणाऱ्या इश्यूशिवाय दुसरी जागा दिसली नाही तर तो तिथेच टाकेल, आणि पॅच यायच्या आधी तो सगळ्या जगाने वाचलेला असेल. गिटहबवर प्रायव्हेट व्हल्नरॅबिलिटी रिपोर्टिंग आहे पण ते सेटिंगमधे जाऊन चालू करावं लागतं. गिटलॅबमधे कॉन्फिडेन्शियल इश्यूची खूण असते. बगझिलात सिक्युरिटी ग्रुप. ज्यात असलं काहीच नाही तिथे वेगळा मेल पत्ता ठेवा, दोघांनी वाचलेला, आणि रिपोमधे सिक्युरिटी डॉट एमडी फाइलमधे तो लिहा. मग एका बाहेरच्या अकाउंटने स्वतः एक खोटा गुप्त रिपोर्ट टाका आणि दुसऱ्या बाहेरच्या अकाउंटने, लॉगआउट करून, सर्चमधून, एपीआयमधून, तो दिसतोय का बघा. मेलच्या नोटिफिकेशनमधे टायटल फुटतंय का तेही बघा.

पायरी ७: बाहेर पडायचा दरवाजा आत जायच्या आधी तपासा

एक्सपोर्टचं बटण आहे एवढ्यावर थांबू नका. टेस्ट प्रोजेक्टमधे दहा-बारा इश्यू बनवा, त्यात कॉमेंट, स्क्रीनशॉट, लेबल, एकमेकांना दिलेल्या लिंक, बंद करून परत उघडलेला एक इश्यू असं सगळं घाला आणि मग तो डेटा बाहेर काढून उघडून बघा. कॉमेंट कुणी केल्या आणि कधी, ते आलं का. अटॅचमेंट फाइल म्हणून आल्या का नुसत्या लिंक आल्या, कारण जुना सर्व्हर बंद झाला की ती लिंक मेली. कुणी कधी स्टेटस बदललं तो इतिहास आला का. एपीआयमधून ओढणार असाल तर मर्यादा बघा, गिटहबला लॉगिन केलेल्या साध्या अकाउंटला तासाला ५,००० रिक्वेस्ट मिळतात आणि लॉगिनशिवाय फक्त ६०, म्हणजे मोठा ट्रॅकर ओढायला स्क्रिप्ट थांबत थांबत चालणारी लागते.

ते जमलं की अशी स्क्रिप्ट दर आठवड्याला आपोआप चालू ठेवा आणि निघालेला डेटा दुसऱ्या कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवा. कोडची प्रत प्रत्येकाच्या मशीनवर असते, इश्यूंची कुणाकडेच नसते, आणि "हे असं का केलं होतं" याची उत्तरं बहुतेक इश्यूतच असतात.

पायरी ८: दोन पर्याय, खरे इश्यू, खरी माणसं

आता यादीत दोनच नावं उरायला हवीत. पायरी १ मधल्या ढिगातून वीस खरे इश्यू दोन्हीकडे टाका. प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या एका माणसाला नुसती लिंक द्या आणि "यात हा बग नोंदव" म्हणा, शेजारी बसा पण काही सांगू नका, तो कुठे अडखळतो ते लिहून घ्या. जमलं तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्याकडून पण करून घ्या, आणि फोनवरून पण.

मग जो खरंच ट्रायाज करणार आहे त्याला वीसही इश्यू निपटायला द्या. एकदम पाच इश्यूंना लेबल लावता येतं का, डुप्लिकेट ठरवायला किती क्लिक लागतात, "मागच्या आठवड्यात आलेले, अजून कुणी न बघितलेले" हा सर्च सेव्ह करता येतो का, नोटिफिकेशनच्या मेलला तिथूनच उत्तर देता येतं का. हा माणूस म्हणाला की मला हे नको, तर ते नको, बाकीच्यांना कितीही आवडलं तरी. मत त्याचंच सगळ्यात जड धरा कारण रोज वापरणार तो आहे.

पायरी ९: सेटअप कमीत कमी ठेवा

टेम्प्लेटमधे चार गोष्टी पुरतात: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि व्हर्जन. सक्तीची फील्ड वाढवली की लोक त्यात टिंब टाकून पुढे जातात. गिटहबवर कॉन्फिग फाइलमधून रिकामा इश्यू टाकायचा पर्याय बंद करता येतो आणि "प्रश्न आहे? इकडे जा" अशी लिंक देता येते, हे नक्की करा.

लेबल दहाच्या आत ठेवा. प्रकार, कुठला भाग, आणि "माहिती हवी" व "गुड फर्स्ट इश्यू" ही दोन. प्रायॉरिटीचे पाच स्तर ठेवू नका, फुकट काम करणारा माणूस तुमची प्रायॉरिटी बघून काम निवडत नाही.

ठरावीक दिवस शांत राहिलेले इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावायचा मोह होतो. मी सगळ्यांवर तो लावायच्या विरोधात आहे. कुणीतरी तासभर घालून नीट रिपोर्ट लिहिला, तुमच्याकडून कुणी बघितलं नाही, आणि मशीनने तो बंद केला, तर तो माणूस परत कधी बग टाकणार नाही. "माहिती हवी" लेबल लावून महिना झाला आणि उत्तर नाही, एवढ्यापुरताच तो वापरा.

बंद करायचे नियम पण लिहून ठेवा, विशेषतः "हे आपण करणार नाही" म्हणायचे. ते सांगायची भीती वाटते म्हणून मागण्या वर्षानुवर्षं उघड्या राहतात. स्पष्ट नाही म्हणून कारणाचं एक वाक्य लिहिलेलं समोरच्यालाही बरं वाटतं.

पायरी १०: जुन्याकडून नव्याकडे

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे नंबर. जुन्या कमिट मेसेजमधे, रिलीज नोट्समधे, दुसऱ्यांच्या लेखांमधे तुमचे बग नंबर पसरलेले असतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०१४ मधे बगझिलावरून फॅब्रिकेटरवर जाताना साधी युक्ती केली, प्रत्येक जुन्या नंबरमधे २००० मिळवले, त्यामुळे बग १ चा टी२००१ झाला आणि कुणीही मनातल्या मनात शोधू शकतो. पायथॉनला हे शक्य नव्हतं कारण गिटहबवर पुल रिक्वेस्टनी ते नंबर आधीच घेतले होते, मग त्यांनी जुन्याला बीपीओ आणि नव्याला जीएच असं पुढे लावायला सुरुवात केली आणि जुन्या पत्त्यावरून नवीन इश्यूकडे नेणारी सोय ठेवली. तुमचा रिपो नवीन असेल तर पुल रिक्वेस्ट यायच्या आधी इश्यू क्रमाने आयात करा, नंबर जुळून जातात.

एपीआयमधून आयात केलेल्या कॉमेंट ज्या अकाउंटने स्क्रिप्ट चालवली त्याच्या नावावर येतात, म्हणून मूळ लेखकाचं नाव आणि तारीख मजकुराच्या वर लिहून टाका, आणि हे काम स्वतःच्या नव्हे तर वेगळ्या बॉट अकाउंटने करा. मजकुरात अॅट लावलेली नावं स्क्रिप्टमधेच बदला, नाहीतर आयात चालू असताना अनोळखी लोकांना शेकड्याने नोटिफिकेशन जातील. लोकांचे ईमेल पत्ते जुन्या सिस्टीममधे दिसत असतील तर ते काढून टाका.

आधी टेस्ट रिपोमधे पूर्ण आयात करून बघा, चुका दुरुस्त करा, मग दोन आठवडे आधी तारीख जाहीर करा. त्या दिवशी जुना ट्रॅकर फक्त वाचण्यापुरता करा, आयात चालवा, जुन्या प्रत्येक इश्यूवर नवीन लिंक टाका. नंतर जुन्याची साधी एचटीएमएल पानं बनवून त्याच पत्त्यांवर ठेवा, म्हणजे डेटाबेस आणि जुनं सॉफ्टवेअर बंद करता येतं आणि जुन्या लिंक चालू राहतात. ते डोमेन नाव मात्र सोडू नका, दरवर्षी रिन्यू करत राहा आणि ते कुणा एकाच्या खाजगी अकाउंटवर असेल तर आधी प्रोजेक्टच्या नावावर करून घ्या.